आता मावशी घेईल

डॉक्टरांनी मंजूच्या डोळ्यांसमोर बोट धरलं आणि म्हणाले, "वर बघ, बाळ." डोळे वर नेता येईनात, म्हणून तिने अख्खी मान मागे टाकली. पापण्या अर्ध्यावर उतरल्या होत्या. डॉक्टरांनी अंगठ्याने त्या उचलल्या आणि सोडल्या, तशा पुन्हा खाली आल्या. मग ते आमच्याकडे वळले. काल घरात साप वगैरे काही दिसलं होतं का, त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणाले. माझा नवरा भास्कर नाही म्हणाला. आणि त्याच वेळी मंजूने, त्या मिटत आलेल्या डोळ्यांच्या फटीतून, आपल्या आजीकडे बघितलं. म्हातारी भिंतीला टेकून उभी होती. ती नजर पडली तशी ती जागच्या जागी खाली बसली.

"व्हता," ती म्हणाली. "काल सांजच्याला, सरपनात. काळा, वर पांढरं पट्टं. पंचमी तोंडावर आलेली, म्हनून मी कुनाला सांगितलं नाय."

"मण्यार," डॉक्टर म्हणाले. सिस्टरला त्यांनी एका दमात तीन-चार गोष्टी सांगितल्या आणि मग आम्हाला समजावलं. मण्यारीचं विष न्यूरोटॉक्सिक असतं, म्हणजे मेंदूकडून स्नायूंना जाणारा निरोप ते मधेच तोडतं. पापण्या पडतात त्याला टोसिस म्हणतात, ती सुरुवात. नंतर गिळता येत नाही. मग छाती थांबते. "छाती थांबली की ती स्वतःहून श्वास घेऊ शकणार नाही," ते म्हणाले. आवाज खाली आणून म्हणाले, पण म्हणाले.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. मी ती लिहिते आहे शहापूर-मुरबाडकडच्या त्या आयाबापांसाठी, ज्यांची लेकरं पावसाळ्यात खाली अंथरूण टाकून निजतात. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, पुढचं कुणी वाचो न वाचो. मण्यार चावली की दुखत नाही, सूज येत नाही, खूणही बहुतेकदा सापडत नाही. सकाळी लेकरू पोट दुखतं म्हणतं, गिळता येत नाही म्हणतं, झोपाळल्यासारखं दिसतं. तेव्हा भगताकडे जाऊ नका, विष चढलंय का ते बघायला कडुनिंब किंवा मिरची चावायला देऊन चव विचारत बसू नका. गाडी बघा.

आता आम्ही कोण ते सांगते. माझं माहेर मुरबाडकडचं, सासर डोळखांबच्या रस्त्यावर. भास्करची पहिली बायको मंजूच्या बाळंतपणात गेली. मंजूला तिच्या आईच्या आईने, म्हणजे पारूबाईने, आपल्या पाड्यावर वाढवलं. मी लग्न होऊन आले आणि दोन पावसाळ्यांनी भास्करने लेकीला शाळेसाठी घरी आणलं. तेव्हा ती सहा-सात वर्षांची होती. ती मला मावशी म्हणायची. मीही काही बोलले नाही, जीभ वळेल तसं म्हणू दे म्हटलं. गावात मात्र तोंडं होती. मी पोरीची वेणी घट्ट घातली तरी सावत्रपणा आणि सैल घातली तरी सावत्रपणा.

पारूआजी सणावाराला यायची आणि माझ्या प्रत्येक भांड्यावरून नजर फिरवायची. नातीच्या ताटात काय आहे ते आधी बघायची, मग स्वतः जेवायला बसायची. आमचं भांडण कधी झालं नाही, पण दोघी चुलीपाशी असलो की चुलीत लाकूड कमी आणि आम्हीच जास्त धुमसायचो.

त्या वर्षी ती पंचमीसाठी आली. आमच्याकडे पंचमीला तवा ठेवत नाहीत, विळी चालवत नाहीत, जमीन उकरत नाहीत. नागाला काही लागायला नको. आदल्या दिवशी पडवीतल्या सरपणात तिला ते जनावर दिसलं. भास्करला कळलं तर तो काठी उचलेल आणि पंचमीच्या तोंडावर घरात जीवहत्या होईल, ही तिची भीती. तिने लांबून हळदकुंकू टाकलं, हात जोडले आणि शेजारी उभ्या मंजूला सांगितलं, कुणाला बोलू नको. मंजूने शब्द पाळला. पोटात कळा येत होत्या तेव्हासुद्धा पाळला.

पंचमीच्या सकाळी मी पुरणाची दिंडं उकडायला ठेवली होती. मंजू रात्री खाली अंथरुणावर निजली होती, उठली ती पोट धरून. मी अंगणवाडी सेविका. उलट्या, जुलाब, ताप यांचं शिक्षण घेतलेली. मीठ-साखरेचं पाणी केलं आणि तिला पाजलं, तर ते नाकातून परत आलं. अंगणवाडीत मी शंभर पोरं बघितली असतील, पण असं कधी बघितलं नव्हतं. तिचं बोलणंही जडावलं होतं. भास्कर वाशिंदच्या कारखान्यातून रात्रपाळी करून नुकताच आलेला, त्याने शर्टसुद्धा बदलला नाही. रस्त्याला जीप मिळाली. जीपमध्ये म्हातारी सारखी पोरीच्या गालावर चापट्या मारत होती, झोपू नको गो, झोपू नको गो. मला राग येत होता, आजारी पोरीला निजू का देत नाही. साप चावलेल्याला झोपू देत नाहीत, हे मलाही ठाऊक होतं. पण मला साप ठाऊक नव्हता. तिला होता.

म्हणून डॉक्टरांसमोर ती "व्हता" म्हणाली तेव्हा माझ्या अंगाची लाही झाली. मी एवढंच म्हटलं, "जीपमधी तरी बोलायचं." पुढचं बोलायला डॉक्टरांनी वेळ दिला नाही. आम्हाला बाहेर काढलं.

अँटी-स्नेक व्हेनम सुरू झालं. हे विषावरचं औषध, सलाईनमधून देतात. ते रक्तात फिरणारं विष मारतं, पण जे विष आधीच जाऊन चिकटलंय ते उतरायला आपला वेळ घेतं. तोवर रोग्याला जगवायचं असतं. दुपारपर्यंत मंजूची मान टिकेना. लाळ गिळता येईना. मग छाती वरखाली व्हायची थांबली आणि नुसता गळ्याजवळचा खड्डा हलत राहिला. डॉक्टरांनी तोंडातून श्वासनळीत नळी घातली. त्याला इन्ट्युबेशन म्हणतात. नळीच्या तोंडाला त्यांनी रबराची एक फुगीर पिशवी जोडली आणि हाताने दाबायला लागले. पिशवी दाबली की मंजूची छाती वर यायची, सोडली की खाली जायची.

त्या पिशवीला अँबू बॅग म्हणतात. हे काम करणारं यंत्र म्हणजे व्हेंटिलेटर, ते तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात नव्हतं. डॉक्टरांनी ठाण्याला फोन लावला. तिथलं यंत्र दुसऱ्या रोग्याला लागलेलं होतं. शिवाय गाडीच्या हादऱ्याने वाटेत नळी सुटली तर पुन्हा घालणार कोण, असं ते म्हणाले. मग त्यांनी भास्करकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"विष उतरेल. दोन दिवसांनी, तीन दिवसांनी, नक्की सांगता येत नाही. तोवर ही पिशवी थांबता कामा नये. माझ्याकडे एवढी माणसं नाहीत. तुम्हाला दाबावी लागेल."

सिस्टरने मला शिकवलं. आपण शांतपणे श्वास घ्यायचा आणि त्याबरोबर दाबायचं. छाती उचललेली दिसली की सोडायचं. पूर्ण खाली जाऊ द्यायचं, मग पुन्हा. घाई नाही, विसरणं नाही. मी पहिल्यांदा पिशवी हातात घेतली तेव्हा माझाच श्वास धडपणे येत नव्हता.

"आणखी एक," डॉक्टर जाता जाता म्हणाले. "ती बेशुद्ध नाहीये. हलता येत नाही, डोळे उघडता येत नाहीत, पण तिला सगळं ऐकू येतंय. तिच्यासमोर काय बोलायचं ते सांभाळा."

हे वाक्य मला पिशवीपेक्षा जड गेलं. कारण म्हातारी समोरच उभी होती आणि माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. कुठल्या देवाने सांगितलं होतं तुम्हाला? नात मोठी की नाग मोठा? बोलले असते तर बरं वाटलं असतं. पण मधल्या खाटेवर पोर होती, ती ऐकत होती आणि तिला कान झाकायलाही हात हलवता येत नव्हते. मी तोंड मिटलं. रागाने दात इतके आवळले होते की दाढा दुखायला लागल्या.

भास्करला दाबायला दिलं. तो गडी कारखान्यात गोण्या उचलणारा, पण पोरीच्या तोंडातली नळी बघून रडायला लागला की त्याचा हात भरभर चालायचा. सिस्टर दोनदा ओरडली. मग त्याने स्वतःच पिशवी माझ्याकडे दिली आणि औषधं आणणं, डबा आणणं, फोनसाठी धावणं हे अंगावर घेतलं. मी त्याला नावं ठेवत नाही. बापाचं काळीज कुठे कच्चं असेल सांगता येत नाही.

राहिलो आम्ही दोघी. म्हातारीने न विचारता पदर खोचला आणि खाटेच्या पलीकडे येऊन उभी राहिली. माझं मनगट भरून आलं होतं. मी तिच्याकडे न बघता म्हटलं, "घे."

हे "घे" आमचं कांडणातलं आहे. तेव्हा भात गिरणीत जायला लागलं होतं, पण पोह्यांचं आणि सणाचं अजून घरीच उखळात कांडायचो. दोघी समोरासमोर उभ्या राहतात. एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली. कुणाकडे बघायचं नाही, नजर उखळात. जी दमते ती नुसतं "घे" म्हणते आणि जवळची बाई त्याच ठोक्यावर मुसळ धरते. ठोका चुकला तर कुणाचं तरी डोकं फुटेल. जावा-जावांची तोंडं बंद असली तरी कांडण चालतं, हे मी कितीदा बघितलंय. तशीच त्या म्हातारीने पिशवी घेतली. माझे हात सुटायच्या आत तिचे लागले होते. मंजूच्या छातीला काही कळलंसुद्धा नाही, असं मला वाटलं.

मग ती दमली की "घे" म्हणायची, मी दमले की मी. दुसरा शब्द आमच्यात नव्हता. एरवी मी मंजूशी बोलत राहायचे. दिंडं तशीच टोपात पडलीत, तू आल्यावर पुन्हा करू. बैल तुझी वाट बघतोय. शाळेत कोण कोण विचारत होतं. सिस्टर अधूनमधून यायची, मंजूच्या डोळ्यांवर ओला कापूस ठेवायची, नळीतला कफ सक्शनने ओढून काढायची.

दुसऱ्या दिवशी भेटायला माणसं आली. भास्करची चुलती दारातूनच तोंडाला पदर लावून आत आली, पोरीच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "थंडगार पडलीय. सोडा रे आता. गेलेल्या पोरीत वारा कशाला भरता?" मागे कुणीतरी हळूच म्हणालं, सावत्रच ती, किती येळ दाबंल.

पिशवी माझ्या हातात होती. ती सोडता आली असती तर मी काय केलं असतं माहीत नाही. मी दाबत दाबतच म्हटलं, "काकी, तिला ऐकू येतंय. बाहेर व्हा. सगळे बाहेर व्हा." काकी म्हणाली, ऐकू येतंय तर हलत का नाय? तेव्हा पारूआजीने तिच्या दंडाला धरलं आणि दवाखान्याच्या पडवीपर्यंत नेऊन सोडलं. परत आली आणि जागेवर उभी राहिली. मी म्हटलं, "घे." तिने घेतलं.

त्याच दुपारी तो प्रसंग आला. म्हातारीकडून मी पिशवी घेतली आणि दाबली, तर दाबली जाईना. रबर होतं, दगडासारखं लागलं. मंजूची छाती उचलली नाही. मी पुन्हा दाबलं. ओठ निळे पडायला लागले. मी सिस्टरला हाक मारली, तशी हाक मी जन्मात कुणाला मारली नसेल. सिस्टर धावत आली, डॉक्टर आले, मला ढकलून बाजूला केलं. नळीत कफ अडकला होता. सक्शनने घट्ट गोळा निघाला. पुन्हा पिशवी लावली, छाती उचलली, हळूहळू ओठांवर रंग आला. हे असं कुणाच्याही हातात होऊ शकतं, डॉक्टर म्हणाले. कुणाची चूक नाही.

पण म्हातारीने ते ऐकलं नाही. मी वळून बघितलं तर ती नव्हती. पडवीच्या पायरीवर जाऊन बसली होती, गुडघ्यात डोकं घालून. मला आधी वाटलं, बरं झालं. खरंच वाटलं. एकदा सरपणात घोटाळा केला, एकदा इथे. आता मी एकटी दाबीन.

थोड्या वेळात माझे हात भरून आले. बोटं मुडपत नव्हती. मनगट सुजलं होतं. मी हात बदलला, गुडघा टेकला, पिशवी मांडीवर धरून दाबली. मंजूची छाती उचलत होती, पण कमी उचलत होती. मला ते दिसत होतं आणि माझा राग मला सांगत होता, दाबशील गं, दाबशील. तेव्हा मला कळलं की हा राग माझा आहे, आणि त्याची किंमत मात्र पोरीच्या श्वासातून जातेय. मी सिस्टरला म्हटलं, जरा धरा.

पडवीत जाऊन मी म्हातारीसमोर उभी राहिले. ती वर बघेना. "बाय, माझ्या हाताला पाप लागलाय," ती म्हणाली. "बाळंतपनात माझी लेक मी घालवली, आता तिची पोर. मी नाय हात लावनार."

इथे मंजू ऐकत नव्हती. जे बोलायचं ते मी इथे बोलू शकले असते, आणि पुष्कळ बोलायचं होतं. पण आत सिस्टरला दुसऱ्या रोग्याकडे जायचं होतं. "पापाचं नंतर बघू," मी म्हटलं. "माझी बोटं गेली. उठा. तुमची पाळी आहे."

ती उठली. माझ्या हाताला धरून उठली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर मंजूच्या कानाशी वाकून म्हणाले, ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलव. आम्ही दोघी तिच्या पायाकडे बघत होतो. पिशवी म्हातारीच्या हातात होती. अंगठा हलला. इतका थोडा हलला की मला भास वाटला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा. पुन्हा हलला. म्हातारीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण हात ठोक्यावर होता.

त्यानंतर बोटं आली, मग पापण्या किंचित, मग छाती. पिशवी सोडून तिचा तिचा श्वास बघायची वेळ आली तेव्हा मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. तिने एक श्वास घेतला. मग दुसरा घेईपर्यंत जो वेळ गेला, तो मी अजून विसरलेले नाही. नळी काढल्यावर कितीतरी वेळ तिला आवाजच नव्हता. पाण्याचा पहिला चमचा नाकातून न येता घशाखाली गेला, तेव्हा मी त्या चमच्याला नमस्कार केला. हसाल, पण केला.

ते डॉक्टर पुढे बदलून गेले. मी त्यांना पंचमीची राहिलेली दिंडं पुन्हा करून नेऊन दिली होती, त्यांनी उभ्या उभ्या खाल्ली. त्यांचे आणि त्या सिस्टरचे उपकार फिटणार नाहीत, आणि फेडायचे म्हटले तर एकच रस्ता मला दिसतो: जिथे जाईन तिथे हे सांगत राहायचं. अंगणवाडीच्या आयांना मी दर पावसाळ्यात सांगते. लेकरांना खाटेवर निजवा, मच्छरदाणी खोचा, सरपण घरात आणू नका.

पारूआजीने पंचमी सोडली नाही. पण त्या वर्षापासून ती आदल्या दिवशी पाड्यावर घरोघर फिरायची आणि सांगायची, दिसला तर बोला गो, हात जोडा नि बोला, लपवू नका. तिच्यामुळे तिकडे माणसं सर्पमित्राला बोलवायला शिकली. मी तिला जे बोलणार होते ते कधीच बोलले नाही. आधी पोर ऐकत होती म्हणून, आणि नंतर बोलायला काही उरलं नाही म्हणून.

आईबाप होणं म्हणजे काय, असं मला कुणी लग्नाआधी विचारलं असतं तर मी रक्ताचं काहीतरी सांगितलं असतं. पुढे मला स्वतःचा मुलगाही झाला. पण ते शिकले मी त्या खाटेपाशी. मंजूने मला कधी आई म्हटलं नाही, आजही मावशीच म्हणते, आणि मला त्यात काही कमी वाटत नाही.

आजी काही वर्षांपूर्वी गेली, म्हातारपणाने, झोपेत. मंजूला तोवर खर्डीला दिलं होतं. आजीच्या दिवसांना ती पोराला घेऊन आली. कार्य आटोपल्यावर आम्ही दोघी पडवीत बसलो होतो. ती दवाखान्याचं कधी काढायची नाही, त्या दिवशी तिने आपणहून काढलं.

"मावशी, मला कळायचं, कोन दाबतंय."

मी विचारलं, कसं.

"तुझा श्वास मोठा यायचा. आजीचा बारीक. तिच्या हातात जोर कुठं व्हता. कधी कधी पुरायचा नाय."

तेव्हा मला वाटलं होतं, हात बदललेला तिच्या छातीला कळतसुद्धा नाही. मी विचारलं, मग घाबरायचीस का गं.

"नाय," ती म्हणाली. मांडीवर निजलेल्या पोराच्या तोंडावरची माशी तिने हाताने उडवली. "आजी 'घे' म्हनायची ते ऐकू यायचं ना. मला वाटायचं, झालं, आता मावशी घेईल."